आजचा चोर

मला इंग्रजी येत नाही. जे काही थोडंफार येतं ते भिंतीतून आलेलं आहे. भिंतीच्या अलीकडे माझं शिवणाचं मशीन, पलीकडे माझ्या ताईचा स्पेलिंगचा क्लास. एकतीस वर्षं मी बाह्या जोडल्या, काजं केली, लोकांच्या वाढत्या पोटांपायी विजारी सैल करून दिल्या, आणि कानावर पडत राहिलं की नाइफ म्हणजे सुरी, तिच्या पुढे एक के बसलेला असतो पण तोंडातून ब्र काढत नाही. रिसीटमध्ये एक पी असतो, तोही मुका. टू तीन प्रकारचे, देअर दोन प्रकारचे. "हे जुळे भाऊ आहेत," ताई सांगायची. "आवाज सारखा, पण एकाच्या पानावर दुसऱ्याला बसवलंत तर त्यांच्या आईला कळणारच!" पोरं खिदळायची. मीही अलीकडे सुईत दोरा ओवता ओवता हसायचे.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. माझं झालं, पण नवरा अकाली गेला आणि मी मशीन उचलून तिच्याकडे आले ती आलेच. दोघींचा स्वभाव म्हणाल तर ती शांत आणि मी तापट. माझ्या नाकावरचा राग कधी उतरतच नाही असं ती म्हणायची. खोटं नव्हतं ते. गिऱ्हाईक सुद्धा माझ्याशी जपून बोलतं.

क्लास चार ते साडेपाच. बारा पोरं, दुसरी ते पाचवीतली. पुढच्या खोलीत सतरंज्या, बुटकी बाकं आणि भिंतीवरच रंगवलेला काळा फळा. त्या क्लासात एक खेळ होता, रोजचा. ताई फळ्यावर वीस शब्द लिहायची आणि त्यातला एक मुद्दाम चुकीचा. त्याला म्हणायचं चोर. ज्याला दिसेल त्यानं हात वर करून ओरडायचं, "चोर सापडला!" मग तो फळ्यापाशी जाऊन चोर पकडायचा, म्हणजे शब्द दुरुस्त करायचा, आणि क्लास सुटल्यावर फळा पुसायचा मान त्याचा. फळा पुसण्यासाठी पोरं जीव टाकायची. घरी पाण्याचा पेला उचलून ठेवणार नाहीत, पण इथे ओल्या फडक्यासाठी मारामाऱ्या.

ह्या खेळाचं मूळ फक्त मला ठाऊक आहे. क्लासच्या पहिल्याच महिन्यात ताईचं खरोखरच चुकलं होतं. फ्रेंडमध्ये आय आणि ई ह्यांची अदलाबदल झाली, आणि पुढे बसलेल्या एका चिमुरडीनं बोट दाखवलं. ताई लालबुंद झाली. पण क्षणभरच. "शाबास! मी बघतच होते कुणाच्या लक्षात येतंय." रात्री जेवताना मला म्हणाली, "अगं, आज अब्रू वाचली!" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. दुसऱ्या दिवसापासून तिनं मुद्दाम एक चूक करायला सुरुवात केली. एक नियम मात्र कडक होता. चूक दिसली आणि गप्प बसलात, तर ती चूक तुमचीसुद्धा.

तर रोज एक आरोळी. एकतीस वर्षं. ती आली की मी समजायचे, पाच वाजत आले, चहा टाकायला हवा.

मागच्या वर्षी एकदा दोन आरोळ्या आल्या. मी मशीन थांबवलं. म्हटलं, ताईनं आज खेळ वाढवला वाटतं. पुढच्या आठवड्यात दोन, मग तीन. पोरं खूश. एका दिवशी पाच चोर! दारातून बाहेर पडताना नाचत होती कार्टी. "मशीनमावशी, आज आम्ही पाच पकडले!" मी म्हटलं, "पोलिसात भरती व्हा सगळे." हसून म्हटलं खरं, पण हसण्यासारखं नव्हतं ते. कारण त्याच सकाळी ताईनं चहाच्या डब्यात मीठ भरून ठेवलं होतं आणि मला विचारलं होतं, "आपली गल्ली कुठल्या बाजूला गं?" गल्ली दारातच होती.

डॉक्टरांकडे गेलो. डोक्याचे फोटो काढले, कागदावर घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, ताईकडेच बघून बोलले. म्हणाले, हे हळूहळू वाढत जाणार. गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल, पण मागे फिरणार नाही. ताईनं विचारलं, "शिकवू शकते का?" ते म्हणाले, "जमतंय तोवर जरूर शिकवा." ताईनं मान डोलवली. परतताना रिक्षात तिनं माझा हात धरला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. एवढंच म्हणाली, "जमतंय तोवर. म्हणजे कधीपर्यंत, ते कोण सांगणार?" मी म्हटलं, "मी आहे ना." काय बोलून गेले मी! त्या तीन शब्दांनीच सगळा घात केला.

मग मी कान लावून बसू लागले. कामात लक्ष लागेना. एका नवरीचा ब्लाउज पुढचा मागे आणि मागचा पुढे जोडला, ती रडत आली तरी मला काही वाटलं नाही. दाराच्या फटीतून बघायचे. "चोर सापडला!" झालं की ताई वळायची, फळ्याकडे बघायची, "शाबास" म्हणायची, आणि तिचे खांदे बोटभर खाली यायचे. दर आरोळीला बोटभर. मला त्या पोरांचा राग यायला लागला, खरं सांगते. आठ-नऊ वर्षांची लेकरं ती, त्यांना काय कळणार? पण वाटायचं, बाहेर जाऊन एकेकाच्या तोंडात बोळा कोंबावा.

त्यातच चष्मिसची आई आली. चष्मिस म्हणजे क्लासातली सगळ्यांत हुशार पोर. चष्मा नाकावरून घसरलेला, दोन वेण्या, आणि नजर अशी की तिच्या तावडीतून चोर सुटणं मुश्कील. तिची आईसुद्धा लहानपणी इथेच शिकलेली. ती ताईला भेटली नाही, थेट माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि वही पुढे केली.

"मावशी, हिचे परीक्षेत चार स्पेलिंग चुकले. मी वही उघडून बघितली. हे फळ्यावरूनच उतरवलेले आहेत."

जे चोर पोरांनाही सापडत नव्हते ते वह्यांमध्ये जाऊन बसत होते. मला त्या अक्षरांतलं काही कळलं नाही, पण त्या बाईनं आधी दार का लोटून घेतलं ते कळलं.

"मी कुणाला बोलले नाही," ती म्हणाली. "पण उद्या दुसऱ्या आया बघतील. एक पोर काढलं की बाकीची आपोआप निघतील. मावशी, तुम्ही बाईंना सांगाल का?"

"काय सांगू? तू संपलीस म्हणून सांगू?" मी खेकसले. तिनं मान खाली घातली. मग मीच मऊ झाले. "थोडे दिवस दे. तोवर वह्या तू तपासशील का? पोरं जाताना माझ्याकडे ठेवतील, तू नेऊन दुरुस्त कर. ताईला कळायला नको."

"तपासते की. पण त्यांना कळायला हवं असं मला वाटतं," ती म्हणाली.

"तुला काय वाटतं ते मी विचारलं नाही," मी म्हटलं. अशी मी.

इथवरही ठीक होतं. पुढचं जे केलं ते माझ्या एकटीच्या डोक्यातून निघालं. दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आधी मी पायरीवर जाऊन उभी राहिले, जिथे पोरं चपला काढतात तिथे. बाराही जणांना गोळा केलं. म्हटलं, "नीट ऐका. आजपासून चोर पकडायचा नाही. बाई जे लिहितील ते गपचूप उतरवायचं. बाईंनी विचारलं तर सांगायचं, आज चोर नाही, सगळं बरोबर आहे."

"का पण?" एकानं विचारलं.

"बाईंना बरं नाही म्हणून. तुम्ही ओरडलात की त्यांना त्रास होतो."

चष्मिसनं चष्मा वर सरकवला. "पण मावशी, बाईच म्हणतात की चूक दिसली आणि गप्प बसलं तर ती चूक आपलीपण."

"फार शहाणपणा नकोय मला! बाई हव्यात ना तुला? क्लास चालू राहायला हवा ना?"

तिनं मान हलवली. हो म्हणाली.

"मग तोंडाला कुलूप."

मी आत येऊन मशीनवर बसले. वीस शब्द लिहून होईपर्यंत खडूचा टकटक आवाज येत होता. मग ताईचं नेहमीचं, "चला, आजचा चोर कोण?" आणि त्यानंतर काहीच नाही. एकही आरोळी नाही. पोरांनी माझा शब्द खाली पडू दिला नव्हता. आणि मी, गधडी, मशीनवर बसून हसत होते. म्हटलं, जिंकले! आज ताईचे खांदे खाली यायचे नाहीत.

"आज कुणाला दिसत नाही? नीट बघा," ताई म्हणाली.

"आज चोर नाही, बाई," कुणीतरी म्हणालं. मग दोन-तीन आवाज, "नाही बाई, सगळं बरोबर आहे."

पुन्हा खडू वाजला. थोडासाच. एकच शब्द असावा. ताई म्हणाली, "आणि हे?"

मी उठून फटीशी गेले. फळ्यावर सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत तिनं मांजरीचं स्पेलिंग लिहिलं होतं, सी ऐवजी के घालून. मला इंग्रजी येत नाही, पण कॅट कसं लिहितात हे एकतीस वर्षांनी भिंतीलासुद्धा येत असेल. पोरं एकमेकांकडे बघत होती. एका धाकट्यानं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते.

"बरोबर आहे, बाई."

ताई वळली आणि त्याच्या खाली चष्मिसचं नाव लिहिलं. तिचं खरं नाव, वहीवर असतं ते. मधलं एक अक्षर गाळून, हे मला मागाहून कळलं. मग तिच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. सहासष्ट वर्षांची बाई, तिला खाली बसताना किती कळा येतात ते मला ठाऊक होतं.

"बाळा, हे तुझं नाव आहे. बरोबर लिहिलंय का मी?"

चष्मिस दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. वर येऊ नयेत म्हणून. तिनं फळ्याकडे बघितलं, मग ताईकडे. चष्म्याच्या काचा धुरकटल्या.

"बरोबर आहे, बाई," ती म्हणाली आणि भोकाड पसरलं.

ताईनं तिला जवळ घेतलं. डोकं थोपटत राहिली. "नाही रडायचं. शहाणी माझी. तुझी काही चूक नाही." मग पदरानं तिचा चष्मा पुसून नाकावर नीट बसवला आणि सगळ्यांना म्हणाली, "आज लवकर सुट्टी."

पोरं गेली. कुणी फळा पुसला नाही. ताई माझ्या खोलीत आली, बोटांना खडू तसाच. मी मशीनचं चाक उगाच फिरवत होते.

"तू सांगितलंस त्यांना," ती म्हणाली. विचारलंसुद्धा नाही.

"मग काय करू? दर आरोळीला तुझा चेहरा बघवत नव्हता मला! तुझ्या भल्यासाठीच केलं."

"मी मोजत होते गं."

"काय मोजत होतीस?"

"हात. रोज एक चोर माझा. बाकीचे जे सापडतील ते... आजाराचे. दोन म्हणजे बरा दिवस, पाच म्हणजे वाईट. डॉक्टरांच्या फोटोतलं मला काही कळत नाही, पोरांचे हात कळतात. दहा हात वर झाले की थांबायचं असं ठरवलं होतं मी. आपणहून. पोरांना बोलावून, एकेकाला जवळ घेऊन सांगणार होते की आता बाईंचं काम झालं. त्यांच्या आयांनाही सांगणार होते. सगळं ठरलं होतं." ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली. "मी कुठवर आले आहे हे मला सांगणारं जगात कुणी नव्हतं. तू 'मी आहे ना' म्हणतेस आणि मीठ फेकून चहा भरून ठेवतेस. ही बारा पोरंच होती, खरं सांगणारी. त्यांना तू खोटं बोलायला शिकवलंस."

त्याच क्षणी मी तिचे पाय धरायला हवे होते. चुकले म्हणायला हवं होतं. तीन अक्षरांचं काम. पण मी ही अशी. मला इतकं लागलं की मी भांडायलाच उठले. "वा! रात्रंदिवस राबायचं मी, आणि वर मीच वाईट! जा, कर मग तुझं तू!"

ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी चार वाजता पोरं आली तेव्हा पुढचं दार बंद होतं. मी बाहेर जाऊन सांगितलं, क्लास बंद झाला. चष्मिसनं विचारलं, "माझ्यामुळे का?" मी नाही म्हटलं, पण ते तिला पटलेलं दिसलं नाही. चपला घालून निघाली, वळून वळून बघत.

त्यानंतर ताई माझ्याशी बोललीच नाही. लागेल तेवढं, पाणी दे, दिवा लाव. मी म्हटलं, राहा तुझी तू अबोल, मलाही अबोला धरता येतो. रोज मनात यायचं, आज माफी मागू. रोज वाटायचं, आधी तिनं एक शब्द बोलावा, मग मी दहा बोलेन. ताट तिच्यापुढे ठेवायचं आणि तोंड फिरवायचं. असे किती दिवस गेले म्हणाल? पाच महिने. पाच महिने दोन म्हाताऱ्या एका घरात, मधे एक भिंत. ती खिडकीपाशी बसून राहायची. मला वाटायचं रागावली आहे. अबोला कुठे संपला आणि आजार कुठे सुरू झाला, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

परवा सकाळी मी मशीनवर बसले होते, हातात काम नव्हतं. ती दारात आली आणि हसून म्हणाली, "मशीन का बंद गं? आवाज आला की बरं वाटतं."

पाच महिन्यांनी! मला असं झालं की काय करू आणि काय नको. तिला हाताला धरून पलंगावर बसवलं, खाली बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "चुकलं माझं. मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"क्लासबद्दल. पोरांबद्दल."

"कुठला क्लास?"

मी वर बघितलं. ती चिडवत नव्हती. मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. एक बाई होत्या, त्या स्पेलिंग शिकवायच्या. रोज एक चूक मुद्दाम करायच्या. त्या आजारी पडल्या, चुका वाढल्या, आणि त्या पोरांचे हात मोजायच्या. मी पोरांना गप्प केलं. एका पोरीला स्वतःचं नाव चुकीचं असताना बरोबर म्हणायला लावलं. बाईंना शेवटचा दिवस आपल्या मनासारखा करायचा होता, तो मी हिरावून घेतला. आणि वर त्यांच्यावरच ओरडले.

ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिचे डोळे भरून आले. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "अरेरे. फार लागलं असेल गं त्या बाईंना."

"हो."

"मग माझ्यापाशी काय रडतेस? जा, त्यांच्याकडे जा. पाया पड. चांगल्या दिसतात, माफ करतील." मग मला उठवायला लागली, पदर सारखा केला माझा, लहानपणी शाळेत पाठवताना करायची तसा. "आत्ताच जा. उशीर करू नकोस."

मी म्हटलं, "जाते, ताई."